सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी कॉन्फरन्सला काय पाठवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे: ‘आम्ही सर्व्हर सांभाळतो, संशोधन करत नाही. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनच्या कॉन्फरन्सला आम्ही काय पाठवणार?’ विचारणारे बहुतेक जण पाच-सात वर्षं प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ते सर्व्हर, चालवलेले असतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं.

या क्षेत्रातली सगळ्यात जुनी आणि मानाची कॉन्फरन्स म्हणजे यूझनिक्स या संगणकवाल्यांच्या संघटनेची ‘लिसा’ (लार्ज इन्स्टॉलेशन सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन). १९८७ साली फिलाडेल्फियात ती एक छोटी कार्यशाळा म्हणून सुरू झाली. नावातल्या ‘लार्ज इन्स्टॉलेशन’चा तेव्हाचा अर्थ शंभराहून जास्त वापरकर्ते किंवा एक गिगाबाइटहून जास्त डिस्क. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते. तिथे जमणारे लोक रोजच्या कामाने गांजलेले होते आणि त्यांचे पेपरही त्याच कामातून आले. १९९२ साली ब्रेंट चॅपमन यांनी मेलिंग लिस्ट सांभाळणाऱ्या मेजरडोमो या प्रोग्रामवर पेपर वाचला. ‘मला यादीत घ्या’, ‘यादीतून काढा’ अशा मेलना हाताने उत्तरं न देता सतरा मेलिंग लिस्ट कशा चालवतो, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकलं होतं.

नेटवर्कवरची रहदारी आलेखात दाखवणाऱ्या एमआरटीजीचंही तसंच. हिरवा पट्टा आणि निळी रेघ असलेला तो आलेख आपल्याकडच्या कॉलेजांच्या आणि आयएसपींच्या नेटवर्कवाल्यांनी वर्षानुवर्षं पाहिला आहे. ते बनवणारे टोबियास ओटिकर १९९४ साली जिथे काम करत होते, तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ केबीपीएसची एकच लाइन होती. ती किती भरली आहे, हे प्रत्येकाला बघायचं होतं. त्यातून आलेल्या साधनाचा पेपर लिसात १९९८ साली वाचला गेला.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या प्रश्नाने तुमचा आठवडा खाल्ला, तोच पाठवा. फक्त तो नीट मांडा.

नीट म्हणजे कसा? एका मैत्रिणीने मला तिचा मसुदा दाखवला. शीर्षक होतं ‘स्टोरेज व्यवस्थापन: आव्हानं आणि उपाय’. खाली दोन परिच्छेद, पण एकही ठोस गोष्ट नाही. मी म्हटलं, लिहू नकोस, नक्की काय झालं ते मला सांग. मग तिने जे सांगितलं ते फार सुंदर होतं. सर्व्हर म्हणत होता ‘डिस्कवर जागा नाही’ आणि डिस्कवरची मोकळी जागा सांगणारी डीएफ ही कमांड दाखवत होती, तीन-चतुर्थांश डिस्क रिकामी. जागा संपली नव्हती, आयनोड संपले होते, म्हणजे प्रत्येक फाइलला एक लागते ती नोंद. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये आयनोडची संख्या ती बनवतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक. प्रत्येक फाइल ४ केबीच्या एकाच ब्लॉकात मावणारी असेल, तर डिस्क पाव भरते न भरते तोच आयनोड खलास. एवढ्या बारक्या फाइली आल्या कुठून? सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारा लोड बॅलन्सर दर पाच सेकंदांनी ‘जिवंत आहेस का’ विचारायचा आणि त्याच्याकडे ओळख पटवणारी कुकी नसल्यामुळे ॲप त्याला दर वेळी नवा पाहुणा समजून नवीन सेशन फाइल तयार करायचं. म्हणजे दिवसाला १७,२८०. सेशनचं फोल्डर मधे कधीतरी बदललं होतं आणि क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, साफसफाई जुन्याच फोल्डरकडे बघत बसली होती.

नवीन मसुद्याची सुरुवात आम्ही ‘डिस्क रिकामी होती, तरी सर्व्हर भरला’ अशी केली. पुढे तिने हा हिशोब दिला, मॉनिटरिंगमध्ये डिस्क किती भरली त्या टक्केवारीशेजारी आयनोडचा आकडा का लावला ते लिहिलं आणि ऐकणाऱ्याला आपल्या सर्व्हरवर त्याच संध्याकाळी तपासता येतील अशा दोन गोष्टी दिल्या. परीक्षक नेमकं हेच शोधत असतात. तेही आपापली नोकरी सांभाळून, ढीगभर प्रपोजल वाचत असतात. ऐकणाऱ्याच्या हाती काय पडणार, हे पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे.

पेपर आणि टॉक यांत गल्लत करू नका. पेपरला मोजमाप लागतं, आधी कोणी काय केलं याचा धांडोळा लागतो आणि तुमच्या पद्धतीच्या मर्यादाही लिहाव्या लागतात. टॉकला एक घटना आणि तिच्यातून निघालेला विचार पुरतो. पहिल्यांदा पाठवत असाल तर टॉकच पाठवा. कंपनीच्या प्रॉडक्टची जाहिरात मात्र त्यात शिरू देऊ नका, ती परीक्षकांना लांबूनच कळते.

इंग्रजीची भीती मी समजू शकते. माझा उपाय सोपा आहे: आधी शेजारच्या टीममधल्या कोणाला तरी अख्खी गोष्ट मराठीत सांगा. तो जिथे ‘थांब, हे का?’ म्हणेल, तिथे तुमचा मुद्दा आहे. मग इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहा. अलंकारिक भाषेसाठी कोणी गुण देत नाही.

लिसा २०२१नंतर भरलेली नाही. पण मोठ्या सेवा भरवशाने चालवणाऱ्यांसाठी यूझनिक्सचीच एसआरईकॉन २०१४पासून भरते आहे आणि आपल्याकडे याच कामाची बंगळुरूची रूटकॉन्फ ही कॉन्फरन्स आहे. यूझनिक्सने २००८पासून आपले पेपर सगळ्यांना मोफत खुले केले आहेत. त्यांतले आवडतील ते वाचा आणि पहिला परिच्छेद कसा बांधलाय ते बघा.

आणि ऑफिसची परवानगी शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आउटेजची, म्हणजे सेवा बंद पडल्याची, गोष्ट बाहेर सांगायची म्हटलं की लीगलवाले वेळ घेतात आणि तो त्यांचा हक्कच आहे. ग्राहकांची नावं, आयपी पत्ते, सर्व्हरांची अंतर्गत नावं आधीच काढून मग मसुदा त्यांच्यापुढे ठेवा. नकार आला, तर परीक्षकांचे शेरे जपून ठेवा, त्यांप्रमाणे दुरुस्ती करा आणि तोच विषय पुढच्या कॉन्फरन्सला पाठवा. मसुदा आधी मला दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, मी मनापासून वाचेन.