शरीर शिकवता की गणित?

“मॅडम, तुम्ही नक्की काय शिकवता, शरीर की गणित?” पालक विचारतात, घरी आलेले पाहुणे विचारतात, आणि दर वर्षी नव्या बॅचमधलं कोणीतरी जरा चिडूनच विचारतं. बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं की इंटिग्रेशनपासून सुटका, अशा समजुतीने आलेलं ते पोर असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवातीची काही वर्षं मी नावंच शिकवली. हृदयाचे कप्पे, झडपा, महाधमनी लाल पेन्सिलीने, महाशिरा निळ्या. मुलं पाठ करायची, मार्क मिळायचे. एका व्हायवात मी सहज विचारलं, “हृदय एका ठोक्यात साधारण 0.3 सेकंदच रक्त बाहेर ढकलतं. मग उरलेल्या अर्ध्या सेकंदात धमनीतला दाब शून्यावर का येत नाही?” सगळ्यात सुबक आकृती काढणारी मुलगी गप्प. खरं सांगायचं तर उत्तर देताना मीही चाचपडले असते.

आता मी त्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, आणि उदाहरण देते शंकराच्या पिंडीवरच्या गळतीचं. तांब्याभर पाणी एकदाच ओतायचं, धार मात्र चालूच. भरलेली असताना जोरात, रिकामी होत जाईल तशी मंद. म्हणजे जितकं उरलंय त्या प्रमाणात कमी होणं. महाधमनीचं तसंच. ठोक्याबरोबर ती फुगते, झडप मिटली की आकसत आकसत रक्त पुढे सोडते. इंग्रज धर्मोपदेशक आणि शास्त्रज्ञ स्टीफन हेल्सने 1733 मध्ये तिची तुलना आगीच्या बंबातल्या, पंपाचे धक्के झेलून धार सलग ठेवणाऱ्या हवेच्या कप्प्याशी केली होती. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रँकने 1899 मध्ये त्या कल्पनेला गणिताचं रूप दिलं. फळ्यावर समीकरण आलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “अरे, हे तर आरसी सर्किट!” म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरचं, साठलेली वीज अशीच हळूहळू उतरणारं सर्किट.

मग आकडे. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला की धमन्यांत दीड मिलिलिटर रक्त जास्त मावतं असं धरू. पुढचा अवरोध असा, की एक मिलिमीटर दाबाला सेकंदाला एक मिलिलिटर रक्त वाहतं. दोन्हींचा गुणाकार दीड सेकंद; दाब किती वेगाने उतरेल, ते हाच वेळ ठरवतो. 120 वरून अर्ध्या सेकंदात दाब उतरतो 86 वर. पुस्तकात 80 असतं. इतक्या ओबडधोबड हिशेबाला एवढं जमलं तरी मला दर वर्षी नव्याने मजा वाटते. आता धमनी ताठर करा, लवचीकपणा निम्मा: 120 वरूनच दाब थेट 62 वर. शिवाय तेवढंच रक्त ताठर नळीत कोंबायचं, म्हणून वरचा आकडा चढतो तो वेगळाच.

हे फळ्यावर लिहिलं त्याच आठवड्यात आईचं बीपी आलं 168/64. भाऊ फोनवर म्हणाला, “मशीन बिघडलंय, वरचं एवढं आणि खालचं इतकं कमी कसं असेल?” सेल बदलून झाले, तीनदा मोजून झालं. मी म्हटलं, “मशीन ठीक आहे रे, नळ्या जुन्या झाल्यात.” आणि आईला डॉक्टरांकडे नेलं, कारण समीकरण गोळी लिहून देत नाही.

त्या मशीनचंही ऐका. दंडावरचा पट्टा सैल होताना ते त्यातली थरथर बघतं. थरथर सगळ्यात मोठी जिथे, तिथे साधारण सरासरी दाब. वरचा-खालचा आकडा त्यावरून हिशेबाने काढलेला असतो, प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. नाडी अनियमित असली की तो चुकू शकतो. माझी मुलं उद्या असलेच हिशेब लिहिणार. नुसत्या लाल-निळ्या आकृतीवर ती काय लिहितील?

गणितही गंडवतं, हे मात्र मी लपवत नाही. माझ्या समीकरणात दाब सगळीकडे एकाच क्षणी उतरतो. खऱ्या धमनीत लाट धावते, फांद्यांवर आपटून परत येते. गेल्या वर्षी एका मुलीने दाबाच्या खऱ्या आलेखातल्या छोट्या खळग्यावर बोट ठेवलं. “मॅडम, झडप मिटते तिथला हा खड्डा तुमच्या समीकरणात कुठाय?”

“नाहीये,” म्हटलं.

“मग घालू या ना.”

पुढचे दोन तास त्यातच गेले. जर्नलं तपासायची राहिली ती राहिलीच.