राधानगरीच्या बॅकवॉटरला आई, पोरं आणि दोन तंबू

नाताळच्या सुट्टीत आम्ही सातजण राधानगरी धरणाच्या बॅकवॉटरला दोन रात्री तंबूत राहून आलो. मी, बायको, आमची नऊ वर्षांची लेक, दादा-वहिनी, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. "आईंना तंबूत कशाला नेताय?" असं अर्ध्या गल्लीनं विचारलं. त्यावर आईच म्हणाली, "माहेरात जोंधळ्याच्या राखणीला खोपीत झोपलेली हाय मी. मला काय सांगता तंबूचं!" मग विषयच मिटला.

पण आई सोबत असल्यामुळं जागा निवडताना आम्ही जे बघितलं, ते लहान पोरं असलेल्या प्रत्येक घरानं बघावं असं मला वाटतं. जाहिरातीतल्या फोटोंत सगळीकडं तेच: तंबू, शेकोटी, मागं मावळता सूर्य. संडासाचा फोटो कुणी टाकत नाही. म्हणून मी पाच-सहा ठिकाणी फोन केले आणि एकच चौकशी केली. संडास किती, तंबूपासून किती लांब, त्यात कमोड आहे का, रात्रभर दिवा असतो का, पाण्यापर्यंतचा उतार कसा आहे. दोन ठिकाणी "या की, सगळी सोय हाय" एवढंच उत्तर मिळालं. ती दोन्ही नावं मी तिथंच खोडली. शेवटी गावातल्याच मंडळींनी चालवलेलं, कुणालाही खुलं असलेलं एक मैदान ठरवलं. चार संडास, त्यांतल्या एकात कमोड, सकाळी बंबाचं गरम पाणी, पत्र्याच्या शेडमध्ये चुली, पोरांना झोका आणि घसरगुंडी. तंबू त्यांचे भाड्यानं मिळतात, स्वतःचे नेले तर फक्त जागेचं भाडं. आम्ही आमचे नेले.

कोल्हापुरातून राधानगरी ५०-५५ किलोमीटर. रंकाळ्यावरून नवीन वाशी नाका, कांडगाव, हळदी, परिते असा सरळ रस्ता आहे. अंतर थोडं वाटतं म्हणून संध्याकाळी निघू नका. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा भर. भोगावती कारखान्याच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रांगेनं चालतात. ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना ऊस लोंबत असतो आणि मागं लाल दिवा असेलच असं नाही. अंधारात समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. आम्ही जेवून बाराला निघालो, वाटेत गुऱ्हाळावर थांबलो, पोरांनी काकवी खाल्ली, तरी तीनच्या आत पोचलो. तंबू उजेडात लावायचा असतो, हाही हिशेब त्यात आहेच.

पोचल्यावर पोरांना पाण्याच्या अगदी काठावर तंबू हवा होता. दादानं मेखा ठोकायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात तिथं राखणीला असलेले मामा आले. म्हणाले, "पाव्हणं, हितं नगा लावू. रातच्याला समदा गारठा या खळग्यात साठतोय. वर घ्या, त्या करंजाच्या झाडापाशी." आम्ही वीस-पंचवीस पावलं वर सरकलो. रात्री बाराला मी मुद्दाम दोन्हीकडं उभा राहून बघितलं. खालच्या जागी बोटं बधिर होत होती, वर नुसती थंडी होती. गार हवा जड असते, डोंगराच्या उतारावरून ती खाली येते आणि काठच्या सखल भागात बसते. शिवाय पाण्याच्या कडेला दव जास्त पडतं.

दवाचं जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या रात्री आमची झोप त्यानंच घालवली. थंडी नको म्हणून दादानं त्यांच्या तंबूच्या सगळ्या जाळ्या, खिडक्या, चेन गच्च बंद केल्या. पहाटे चारला वहिनींनी मला हाक मारली. बॅटरी मारून बघतो तर आतल्या कापडावर मोत्यांसारखे थेंब ओळीनं लटकलेले, आणि पुतण्यानं हात लावला की सरळ अंथरुणावर पाऊस. चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी झाली होती. चादरी ओल्या, पोराचा स्वेटर ओला. दुसऱ्या रात्री दोन्ही बाजूंच्या जाळ्या चार-चार बोटं उघड्या ठेवल्या. वारा आला, पण अंथरूण कोरडं राहिलं, आणि कोरड्या अंथरुणात थंडी सोसते.

खालून येणारा गारठा मात्र पांघरुणानं थांबत नाही. त्यासाठी मामांनी भाताचं पिंजर, म्हणजे वाळलेला पेंढा, दिलं. हा सगळा भाताचा मुलूख, पिंजराला तोटा नाही. आधी पिंजराचा वीतभर थर, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू, आत सतरंजी आणि घोंगडं. आईला जमिनीवरून उठता येत नाही म्हणून आम्ही घडीची लोखंडी खाट गाडीच्या टपावर बांधून नेली होती. सगळ्या सामानात सर्वांत कामाची वस्तू तीच ठरली. मोठा तंबू असेल तर ती आत बसते, आधी घरी मापून बघा.

एक तक्रार आहे आणि ती सांगायलाच हवी. पहिल्या रात्री साडेदहाला संडासाकडचा दिवा बंद झाला. वहिनी पोराला घेऊन तिकडंच होत्या. काळोखात पायरी चुकून त्या पडल्या, कोपर खरचटलं. वीज वाचवायला दिवे काढतो असं उत्तर मिळालं. मी सकाळी शांतपणे सांगितलं की सगळे काढा, पण तो एक दिवा काढू नका, तिथं म्हातारी माणसं आणि पोरं जातात. दुसऱ्या रात्री दिवा उजाडेपर्यंत होता. तुम्ही जाल तिथं हे पैसे देण्याआधी ठरवून घ्या, आणि माणशी एक बॅटरी असू द्या. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. रेंज शोधून शोधून मोबाइल संध्याकाळपर्यंतच मान टाकतो.

आता पाण्याविषयी. लेकरं घेऊन जाणाऱ्यांनी एवढं तरी नीट वाचा. धरण पावसाळ्यात भरतं, आणि नंतर शेतीला पाणी सोडत जातात तसा काठ मागं सरकतो. मागं जो पट्टा उघडा पडतो तो वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. खाली गाळ असतो. पुतण्या दगड टाकायला चार पावलं पुढं गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. ओढून काढला तेव्हा चप्पल आतच राहिली. मी स्वतः हात घालून बघितलं, कोपरापर्यंत तळ लागला नाही. पोहायला तर उतरूच नका, पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे असतात आणि उतार एकदम तुटतो. आम्ही सुतळी बांधून एक हद्द आखली: त्याच्या पुढं मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय जायचं नाही. पोरांनी ती पाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना मामांनी हळूच हाक दिली. पलीकडच्या काठावर, धुक्यातून, पाच गवे पाण्यावर आलेले. काळेभोर अंग आणि चारही पाय गुडघ्यापासून पांढरे, मोजे घातल्यासारखे. लेक माझा हात घट्ट धरून उभी होती, दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. १९५८ मध्ये दाजीपूरचं हे जंगल गव्यांसाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं, आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. गवा शांत दिसतो म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नका, एकटा नर असेल तर मुळीच नको. अभयारण्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ते बंद असतं. रात्री खरकटं, पिशव्या, फळं बाहेर ठेवू नका. बूट घालण्याआधी झटकून घ्या.

जेवणाचा फार घाट घालू नका. पहिल्या रात्रीसाठी घरून भाकरी, खर्डा, दही आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. दुसऱ्या रात्री चुलीवर रस्सा आणि भात केला. भडंग मात्र भरपूर न्या, पोरांना दर तासाला भूक लागते. भांडी काठावर साबणानं घासू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. हेच पाणी भोगावतीतून पुढं पंचगंगेला मिळतं. लेकीला हे सांगितल्यावर तिनं स्वतः राख आणि नारळाची शेंडी घेऊन नळावर भांडी घासली.

परत येताना धरण बघितलं. १९०८ च्या सुमारास शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं. महाराज १९२२ मध्ये गेले, धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे सात दरवाजे तलाव भरला की पाण्याच्याच दाबानं आपोआप उघडतात. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये "राधानगरीचा दरवाजा उघडला" हे ऐकलं की आमच्या घरी पंचगंगेच्या पातळीची चौकशी सुरू होते. ते दरवाजे आई पहिल्यांदाच बघत होती. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि २०१९ च्या पुराबद्दल बोलत राहिली.

घरी आल्यावर एक काम टाळू नका. तंबू पिशवीतून काढून पूर्ण उलगडा आणि वाळवा. दवानं ओला झालेला तंबू तसाच गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते आणि वास जात नाही. आमचे दोन्ही तंबू गच्चीवर उन्हात उभे आहेत. धाकटा आत झोपलाय, आणि लेक दारात बसून गव्याचं चित्र काढतेय, पाय पांढरे ठेवून.