आवाजाने जिंकलेली प्रेमकथा

आज पणजीहून फोंड्याला येताना कदंब बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि लगेच कानात हेडफोन घालून एक ऑडिओबुक लावलं. राजकन्या, शापित गड आणि त्या गडाचा पहारेकरी. खोर्लीपर्यंत ठीक होतं, बाणस्तारीचा पूल ओलांडला तेव्हा दोघं पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलली. निवेदिकेने तिथे आवाज चढवलाच नाही. "थांब" एवढंच, मग एक श्वास. माझ्या अंगावर काटा आला!

प्रेमकथा ऐकताना मला हेच हवं असतं. नायिका म्हटली की लाडिक, बारीक आवाज काढणारे निवेदक मला सहन होत नाहीत. तिच्या तोंडी शहाणपणाचं वाक्य असलं तरी ते पोरकट वाटतं. नायकासाठी एक आवाज, नायिकेसाठी दुसरा, ही पद्धत भांडणाच्या प्रसंगात फार खुलते. अद्भुतकथेला मात्र एकच कसलेला गळा हवा. डझनभर पात्रं, अनोळखी गावं, आणि प्रत्येक नावाचा उच्चार शेवटपर्यंत तोच. मागचं संगीत नको. वेगही वाढवू नये, विराम मारले जातात.

अद्भुत आणि शृंगार यांची जोडी परदेशी म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, आपल्याकडे १८६८ सालीच रिसबुडांची 'मंजुघोषा' ही कादंबरी आली होती. अशा कादंबऱ्या चांगल्या आवाजात याव्यात, मी पैसे मोजून ऐकेन. तुम्ही कोणाचा आवाज ऐकता? नावं सुचवा.