उलटतपासातला ‘मी’

कोर्टाची कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत करून देणं हा माझा धंदा. सोलापुरात दावा चालतो तो मराठीत. अपील हायकोर्टात गेलं की राज्यघटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे तिथला कारभार इंग्रजीत, म्हणून सगळं बाड आमच्यासारख्यांच्या टेबलावर येऊन पडतं. पूर्वी हे गठ्ठे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जायचे. 18 ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला, आणि गठ्ठे सांगोला-मिरजेच्या वाटेला लागले. घाई मात्र तीच राहिली. प्रत्येक वकिलाला भाषांतर कालच हवं असतं.

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. बहीण-भावाचा वाटपाचा दावा होता. ओळख पटू नये इतके तपशील मी बदललेत, वाद मात्र खराच. आई गेली, मागे तिचे दागिने. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आईच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी दोघांचा वाटा सारखा, पण दागिने गेले कुठे यावर सगळं अडलेलं. मी बहिणीच्या बाजूचं काम करत होतो. वकीलसाहेबांचा ज्युनिअर दुपारी नकला घेऊन आला आणि समोर खुर्ची ओढून बसला. रात्रीच्या गाडीनं त्याला कोल्हापूर गाठायचं होतं.

सरतपासाचा, म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीचा, भाग सोपा गेला. दिवाणी दाव्यात 2002 पासून सरतपास शपथपत्रावर होतो. ते वकिलाच्या ऑफिसात टाईप होतं, त्यामुळे वाक्यं इस्त्री केलेली असतात. खरं माणूस दिसतं ते समोरच्या वकिलानं घेतलेल्या उलटतपासात. पण तिथेही एक गंमत आहे. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि कागदावर प्रश्न सहसा उतरतच नाही. न्यायाधीश उत्तराचं सलग निवेदन करून लिहून घेतात: ‘हे म्हणणे खरे आहे की...’, ‘हे म्हणणे खरे नाही की...’. वाचणाऱ्यानं उत्तरावरून प्रश्न ओळखायचा.

बहिणीच्या उलटतपासाच्या अशाच निवेदनात, चौथ्या पानावर, ते वाक्य होतं. ‘भाऊ मला म्हणाला की आईच्या पाटल्या मीच मोडल्या.’

ज्युनिअर मुलगा हुशार. मी थांबलेलो पाहून म्हणाला, “सर, सोपंय की. रिपोर्टेड स्पीच. अवतरणचिन्हं काढायची, दॅट घालायचं, काळ एक पायरी मागं न्यायचा, आयचं ही करायचं. ‘माय ब्रदर टोल्ड मी दॅट ही हॅड सोल्ड...’”

“आयचं ही कशावरून करतोस?” मी विचारलं. “साक्षीदार बाई आहेत. हा ‘मी’ त्यांचा असला तर?”

तो गप्प झाला. मोडल्या कोणी? भावानं ‘मी मोडल्या’ अशी कबुली दिली, की बहिणीवर ‘तूच मोडल्यास’ असा आळ घेतला आणि बहीण आता तो आळ आपल्या तोंडून सांगतेय? मराठीत दोन्ही बसतं. ‘की’ लावल्यावरही आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू शकतो, ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’, आणि ते वाक्य महिन्यानंतर सांगितलं तरी ‘उद्या’ हलत नाही. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे दॅट आलं की आय म्हणजे आता बोलणारा, टुमारो म्हणजे आजच्यानंतरचा दिवस. म्हणून तर शाळेत सर्वनाम बदला, काळ बदला, टुमारोचं द नेक्स्ट डे करा, अशी सगळी कवायत करून घेतात. मार्कांसाठी पाठ केलेली ही कवायत कोर्टात कुणाच्या पाटल्या ठरवेल, असं त्या पोराला कधी वाटलं नसणार.

इथे फरक साधा नव्हता. ऐकीव गोष्ट कोर्ट सहसा पुराव्यात घेत नाही, पण समोरच्या पक्षकारानं स्वतः दिलेली कबुली घेतं. हा ‘मी’ भावाचा असेल तर वाक्य म्हणजे कबुली. बहिणीचा असेल तर तिच्याच अपिलाच्या पायावर धोंडा.

ज्युनिअरनं वकीलसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “अहो मास्तर, ही हॅड सोल्ड लिहून टाका ना. आपल्या बाईंची केस आहे.” मी म्हटलं, भाषांतर खरं आहे म्हणून खाली सही माझी असते, आणि ती सही कुठल्या एका पक्षाची नसते. मग साहेबांनी थेट बाईंनाच फोनवर घेतलं. बाई पूर्व भागातल्या, घरात तेलुगू. त्या एका दमात म्हणाल्या, “त्यानंच मोडला म्हणून बोलला की ओ सर. मी कशाला मोडू?”

“झालं की,” साहेब म्हणाले.

झालं नव्हतं. बाई आज फोनवर काय म्हणतात ते रेकॉर्डवर नाही. मला भाषांतर करायचं होतं त्या कागदाचं, आणि कागद साक्ष देतो तेवढंच. हे साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पण गाडीची वेळ झाली की माणूस असं बोलतो.

बाईंचं ते ‘म्हणून बोलला’ मात्र कानात राहिलं. तेलुगूत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचे शब्द तसेच ठेवून पुढे ‘अनि’ लावतात, कन्नडात ‘अंत’, आणि आमच्याकडची दखनी बोलणारी मंडळी ‘बोलके’. सोलापुरात या चारही भाषा एका गल्लीत सापडतात, आणि चारांतही बोलणाऱ्याचा ‘मी’ बोलणाऱ्याचाच राहू शकतो. म्हणून या बाईंच्या तोंडी तो ‘मी’ भावाचा असण्याचीच शक्यता जास्त. पण शक्यतेवर सही करता येत नाही.

तेवढ्यात ज्युनिअर ओरडला, “सर, पुढचं वाक्य बघा!” पुढे लिहिलं होतं: ‘मी सराफाकडे गेलो होतो असेही तो म्हणाला.’ मुद्दा बिनतोड होता. ‘पाटल्या मोडल्या’ मध्ये क्रियापद पाटल्यांच्या मागे जातं, मोडणारा बाई की पुरुष ते कळत नाही. ‘गेलो’ मात्र कर्त्याचं लिंग दाखवतं. गेलो म्हणजे पुरुष, म्हणजे भाऊ. पोरगा खुशीत चहा सांगायला उठला.

मी मागची पानं चाळली. दुसऱ्या पानावर त्याच बाई स्वतःबद्दल म्हणत होत्या, ‘लग्नानंतर मी दोनदाच माहेरी आलो.’ खाली आणखी एकदा, ‘मी त्याला विचारलो.’ आमच्या भागातल्या कितीतरी बायका असं बोलतात, आणि घरात तेलुगू असेल तर विचारूच नका. तेलुगूत ‘मी’ बरोबरच्या क्रियापदाला स्त्री-पुरुष हा भेदच नसतो. बऱ्याच वेळा लिहून घेताना अशी भाषा दुरुस्त होते. इथे कुणीतरी प्रामाणिकपणे तशीच ठेवली होती, आणि त्या प्रामाणिकपणानं आमचा पुरावा खाल्ला. चहा आला, पण ज्युनिअरचं तोंड उतरलेलं.

वर्तमानपत्री मराठीत ही अडचण येत नाही, कारण तिथे ‘आपण राजीनामा देणार नाही, असे त्यांनी सांगितले’ असं छापतात आणि ‘आपण’ कोण याची शंका राहत नाही. पण उलटतपासात पिंजऱ्यात उभी असलेली बाई ‘आपण’ कशाला म्हणेल?

मग मी ते पान पुन्हा वाचलं, यावेळी बाईंची उत्तरं सोडून, समोरच्या वकिलाचे न लिहिलेले प्रश्न शोधत. पाटल्यांच्या वाक्यानंतर तीन ओळींनी होतं: ‘हे म्हणणे खरे नाही की, भाऊ मला असे काही म्हणालाच नव्हता.’

ही बाईंची नकारघंटा आहे, पण तिच्या पोटात प्रश्न भावाच्या वकिलाचा. त्यांनी बाईंना सुचवलं होतं की भाऊ तुम्हाला असं काही बोललाच नाही. आता बघा. बाईंचं उत्तर ‘भाऊ म्हणाला, तूच मोडल्यास’ असं असतं, तर ते भावाच्या फायद्याचं होतं. त्याचा वकील ते नाकारायला कशाला जाईल? उलट, ‘बरोबर, असंच म्हणाले ना?’ म्हणून घट्ट धरून ठेवेल. त्यानं धडपडून नाकारलं, कारण भर कोर्टात ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ‘मी’ भावाचाच वाटला होता. त्यांच्यासमोर बाईंचा आवाज होता, हातवारे होते. आमच्यासमोर फक्त टाईप केलेली ओळ.

ज्युनिअरला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना तोच मला तोडून पुढचं बोलू लागला, तेव्हा कळलं की बसलंय.

मी लिहिलं: ‘माय ब्रदर टोल्ड मी दॅट ही हिमसेल्फ हॅड सोल्ड अवर मदर्स बँगल्स.’ आणि खाली तळटीप दिली की मूळ मराठी वाक्यातला ‘मी’ दोघांचाही असू शकतो, तीन ओळींनंतरच्या नकाराच्या वाक्यावरून हा अर्थ घेतला आहे. मूळ ओळही देवनागरीत खाली ठेवली.

साहेबांना तळटीप नको होती. “तुम्ही समोरच्याच्या हातात कोलीत देताय,” ते म्हणाले. मी म्हटलं, समोरच्याला मराठी येतं. तळटीप नसली तर तो पहिल्याच तारखेला भाषांतरावर हरकत घेईल, आणि मग त्या ओळीबरोबर बाकीच्या पानांवरही संशय येईल. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग “ठेवा,” म्हणाले.

त्यानंतर अजून एक अडचण निघाली. ‘तो म्हणाला की घर माझ्या नावावर आहे.’ इथला ‘माझ्या’ भावाचा यात शंका नव्हती. पण नियमाप्रमाणे इजचं वॉज केलं, तर कोल्हापुरात वाचणाऱ्याला वाटायचं घर आता दुसऱ्याच्या नावावर गेलं. जे अजूनही खरं आहे त्याला इंग्रजी काळ मागे न्यायची सक्ती करत नाही. हे शाळेत एका ओळीत सांगतात आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा निशाणी म्हणून, म्हणजे पुराव्याचा कागद म्हणून, दाखल होता, घर भावाच्याच नावावर. मी इज ठेवलं. ज्युनिअरनं वर पाहिलं, बोलला काही नाही, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि स्टँडकडे पळाला.