अर्क्वाची बोरे आणि लॉराचा कवी

ऑक्टोबरात इटलीतल्या पादोव्हाहून अर्क्वा पेत्रार्का या टेकडीवरच्या गावी गेलो, तेव्हा चढावरच्या एका घराबाहेर टोपलीत चक्क बोरे विकायला मांडलेली दिसली. तपकिरी, सालीला सुरकुत्या पडू लागलेली आणि चवीला सफरचंदाकडे झुकणारी ही फळे गावकरी ‘जुज्जोले’ म्हणून विकतात. पुडा घेऊन मी पेत्रार्काच्या घराकडे निघालो.

केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, ज्याच्यामुळे युरोपभर पसरले, तो हा चौदाव्या शतकातला इटालियन कवी. ज्या लॉरावर त्याचे प्रेम होते, तिच्याभोवती गुंफलेल्या त्याच्या संग्रहातल्या ३६६ कवितांपैकी ३१७ सुनीतेच आहेत. तिच्या नावाशी तो सतत खेळतो: ‘लाउरो’ म्हणजे कवीच्या मस्तकावर चढवायच्या पानांचे झाड आणि ‘ल’आउरा’ म्हणजे झुळूक. तिचे सोनेरी केस झुळकेवर विखुरले होते, असे ९० व्या कवितेत तो म्हणतो, तेव्हा मूळ ओळीत तिचे नावही वाऱ्यावर असते. मोरोपंतांच्या यमकांप्रमाणेच हा श्लेष आपल्या भाषेचा उंबरठा ओलांडत नाही.

घरातली भित्तिचित्रे सोळाव्या शतकातली, म्हणून मी तिथे फार रेंगाळलो नाही. एका कोनाड्यात त्याची म्हणून दाखवली जाणारी वाळलेली मांजर आहे. कवीची पहिली प्रेयसी मी, लॉरा दुसरी, असे ती खालच्या लॅटिन ओळींत ठणकावते. हीसुद्धा नंतरच्या कोणाची तरी थट्टाच, पण मला आवडली.

आयुष्याच्या अखेरीस त्याने संग्रहातल्या शेवटच्या ३१ कवितांना समासात नवे क्रमांक दिले. लॉरा जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती, तरी शोकाचा क्रम त्याला लागत नव्हता. मला मात्र या कवितांपेक्षा त्याच्याजवळच्या, रोमन कवी व्हर्जिलच्या पोथीत त्याने लिहिलेली नोंद अधिक भिडते. ती पोथी आज मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात आहे. आव्हिन्योंच्या संत क्लाराच्या चर्चमध्ये ६ एप्रिल १३२७ रोजी पहाटे लॉरा प्रथम दिसली आणि १३४८ मध्ये त्याच महिन्यात, त्याच तारखेला, त्याच प्रहरी गेली, असे लिहून तो म्हणतो, की हे पान वारंवार डोळ्यांसमोर येते, म्हणून येथेच लिहितो. सोनेरी केस, झुळूक, श्लेष यांतले तिथे काहीही नाही.

चर्चसमोर तांबड्या संगमरवरी शवपेटीत तो विसावला आहे, पण पूर्ण नव्हे. २००३ मध्ये ती उघडली, तेव्हा आतली कवटी एका स्त्रीची असल्याचे डीएनए तपासणीत निघाले. मी समोर बसून उरलेली बोरे खाल्ली आणि बिया कुठे टाकाव्यात हे न कळल्याने खिशात घातल्या.