व्हरांड्यातली ती भिंगरी नव्हे

शाळेच्या व्हरांड्यात छताला चिकटलेली पिसांची घरटी, आणि संध्याकाळी इमारतीभोवती चिरचिरत घिरट्या घालणारा थवा. त्याला आपण सगळे ‘भिंगऱ्या’ म्हणत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो, त्या पाकोळ्या. भिंगरी पाहायची तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला मलप्रभा नदीकाठी जावं.

दोघीही उडता उडता किडे टिपतात, म्हणून बांधा सारखा. गण मात्र वेगळे. भिंगरी चिमणी-बुलबुलांच्या गणातली, पाकोळी हमिंगबर्डच्या भाऊबंदांतली.

खरी ओळख पायांत आहे. भिंगरीची तीन बोटं पुढे, एक मागे, त्यामुळे ती विजेच्या तारेवर खुशाल बसते. पाकोळीची चारही बोटं पुढे वळतात. खडबडीत भिंतीला नख्या अडकवून ती लोंबकळेल, पण तार तिला धरता येत नाही. तारेवर बसलेली दिसली की पाकोळी नाही, एवढं पक्कं. उडताना पाकोळीचे पंख विळ्यासारखे ताठ, कारण पंखातलं दंडाचं हाड अगदी आखूड आणि हाताच्या पंजाची हाडं लांब. रंग काळपट, घसा नि कंबर पांढरी, शेपूट आखूड. पाण्याजवळची तारवाली भिंगरी वरून चकचकीत निळी, खाली पांढरी, डोक्यावर तांबूस टोपी. शेपटीच्या तारेसारख्या लांब पिसांवर भिस्त ठेवू नये. मादीची आखूड असतात, शिवाय तुटतातही.

भिंगरी काठावर उतरून चिखलाचे गोळे आणते आणि पुलाखाली अर्ध्या वाटीसारखं घरटं लिंपते. पाकोळी सहसा जमिनीवर उतरतच नाही, मग चिखल आणणार कुठून? वाऱ्यावरची पिसं, काड्या ती हवेतच पकडते आणि लाळेने चिकटवते.

आता शाळेच्या रंगकामाचा मुद्दा. पाकोळ्या अंडी-पिल्लं नसतानाही रात्री याच घरट्यांत झोपतात. दिवसा घरटी ओस दिसतात, आणि रंगाआधीचा खराटा नेमका तेव्हाच फिरतो. छताचा घरट्यांपुरता पट्टा रंगाविना राहिला तर काय बिघडतं?

जमिनीवर पडलेली पाकोळी हवेत भिरकावू नये. पंख दुखावलेला असेल तर आपटून मरते. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात तासभर ठेवावी. मग मोकळ्या मैदानात उघड्या तळहातावर डोक्याच्या उंचीवर धरावी. बरी असेल तर आपणहून निघते. पंखांची पिसं अजून आवरणातच असतील तर ते पिल्लू आहे, शिडी लावून घरट्यात ठेवावं. मोठी असून उडत नसेल तर पशुवैद्यकाकडे न्यावी.