झाडं नकोत, सावली द्या

रोटरी असो नाहीतर लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवा अध्यक्ष, कोटावर नवी पिन आणि बाहेर पाऊस. मग पहिला प्रकल्प कोणता असणार? वृक्षारोपण. मी आमच्या क्लबची खजिनदार आहे, त्यामुळे रोपं, खड्डे, ट्री-गार्ड आणि बॅनरची बिलं मला तोंडपाठ आहेत. (बॅनर कधीकधी रोपांपेक्षा महाग पडतो.)

मागे एकदा टूम निघाली ती सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात झाडं लावायची. बारामती तालुक्यात, मोरगावच्या जवळ, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलं गेलं. पत्र घेऊन वनखात्यात गेलो. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, झाडं सोडून काहीही द्या."

अध्यक्षांचा चेहरा पडला. पण साहेबांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला माळ उजाड दिसतो, कारण आपल्या डोळ्यांना जंगल म्हणजे झाडीच माहीत. चिंकारा जगतो तो नजरेवर आणि पायांवर. लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. धाविक, माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. दाट झाडी उभी राहिली की खाली पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं टिकत नाहीत. कित्येक माळांवर पूर्वी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून हिरवं केलंय, ते आता निस्तरावं लागतंय.

मग द्यायचं काय? तर छप्पर. शाळेच्या सहली येतात, मुलं उन्हात उभी राहतात, गाईड काय बोलतो ते मागच्या रांगेला ऐकू येत नाही.

पैसे निम्मे आम्ही, निम्मे शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या क्लबने उभे केले. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ नुसार अभयारण्यात व्यापारी लॉज-हॉटेलांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते. आपलं काम तसलं नव्हतं, तरी शेड फाटकापाशीच आणि खात्याच्याच मालकीची, असं ठरलं. पत्रा स्वस्त होता, पण तापतो, आणि पावसात त्याच्या आवाजाखाली शिकवणार कोण? म्हणून कौलं. खाली शहाबादी फरशी, कडेने बसायला कट्टा, रंग मातीचा. सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावाच्या पाटीवर. दोन क्लब, दोन बोधचिन्हं, कोणाचं वर आणि कोणाचं खाली! शेवटी बोधचिन्हं शेजारी शेजारी आली आणि पाटी वहीच्या पानाएवढी झाली. माझ्या मते तीही मोठीच आहे.

आत चित्रफलक आहेत: खुरांचे ठसे, लेंड्या, शिंगं. चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, काळविटाच्या मादीला नसतात, यावर शहरातली मुलं हटकून अडतात. पण एका सहलीला जवळच्या वाडीवरची शाळा आली होती. गाईडने गवताच्या पेंढ्या पुढे ठेवल्या, तर धनगराची एक पोर उठली आणि मेंढरं आधी कशाला तोंड लावतात, कुसळ आलं की कशाला लावत नाहीत, ते घडाघडा सांगू लागली. गाईड गप्प बसून ऐकत होता. शिक्षिका वहीत लिहून घेत होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बिल वसूल झालं.

आता माझी अडचण. बांधायला पैसे झटकन मिळतात, कारण फीत कापता येते. गाईडच्या रोजंदारीला, दुर्बिणींना, फुटक्या कौलांना मिळत नाहीत. त्याचा फोटो काय काढणार? दोन्ही क्लबांनी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवावी असा ठराव मी लिहिला आहे. होणाऱ्या अध्यक्षांनी तो वाचला आणि विचारलं, "तिथे स्वच्छतागृह बांधलं तर?"

तेही लागतंच म्हणा. पण ठराव पहिला घेणार.